१४० किलोचा पेशंट: कोणत्या औषधाला कोणतं वजन धरायचं?

भूल_पीजी३

नमस्कार मंडळी. लॅप कोलीसिस्टेक्टॉमीची (दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची) केस आहे. वय ४२, स्त्री, उंची १५८ सेंमी, वजन १४० किलो, बीएमआय ५६. बीपीची एक गोळी चालू आहे. स्टॉप-बँग (स्लीप अ‍ॅप्नियाच्या धोक्याचा स्कोअर) ५, झोपेत श्वास अडकतो असं नवरा सांगतो, स्लीप स्टडी झालेली नाही. तोंड नीट उघडतं, मॅलमपॅटी (तोंड उघडल्यावर घसा किती दिसतो त्याची श्रेणी) ३, मान आखूड आणि जाड. किडनी-लिव्हर ठीक.

एअरवेचा (श्वासमार्गाचा) प्लॅन ठरला आहे: रॅम्प (डोक्या-खांद्याखाली उतार), डोकं ३० अंश वर, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप पहिल्याच प्रयत्नाला. घोळ आहे तो डोसचा. झोपवणाऱ्या प्रोपोफॉलपुढे एका तक्त्यात लीन वजन (चरबी सोडून) लिहिलंय, दुसऱ्यात टोटल. स्नायू ढिले करणाऱ्या रॉक्युरोनियमला कुठे आयडियल (उंचीवरून काढलेलं), कुठे लीन. रॉक्युरोनियम उलटवणाऱ्या सुगामाडेक्सच्या लेबलवर प्रत्यक्ष वजन आहे, पण बरेच जण त्याहून कमी देतात. शिवाय टीसीआय पंपावर (टार्गेट दिलं की मॉडेलने हिशेब करून रेट स्वतः ठरवतो तो) श्नायडर मॉडेल निवडलं की पंप हे वजन घेतच नाही, मार्शवर मात्र मुकाट घेतो. म्हणजे मार्श चालेल असं समजायचं का?

तक्ता पाठ करायला हरकत नाही, पण तक्ते एकमेकांशी का भांडतात ते कळलं तर बरं.

मिनिट_व्हेंट

तक्ते भांडतात, कारण त्यातले निम्मे इंडक्शनचा बोलस (झोपवताना एकदम दिलेला डोस) आणि चालू इन्फ्युजन एकाच ओळीत कोंबतात. एकाच औषधाला दोन वेगळी वजनं लागू शकतात. आधी तुमच्या पेशंटची चारही वजनं काढून घेऊ.

टोटल: १४०.
आयडियल: सोप्या रीतीने स्त्रीला उंचीतून १०५ वजा, पुरुषाला १००. म्हणजे ५३. डिव्हाइनच्या सूत्राने ५०.६ येतं, त्या फरकाने काही अडत नाही.
लीन: जनमहासत्यन यांचं सूत्र. स्त्रीसाठी ९२७० × वजन ÷ (८७८० + २४४ × बीएमआय). पुरुषासाठी खालचे आकडे ६६८० आणि २१६. इथे येतं ५८.
अ‍ॅडजस्टेड: आयडियल + ०.४ × (टोटल − आयडियल). ५३ + ०.४ × ८७, म्हणजे ८८.

लीन वजन काढल्यावर एक ढोबळ पडताळा करा. स्त्रीत ते सहसा ७० च्या पुढे जात नाही, पुरुषात १०० च्या. ९५ वगैरे आलं तर सूत्रात काहीतरी चुकलंय.

आता प्रोपोफॉल. बोलस दिल्यावर पहिल्या मिनिटात औषध जातं ते मेंदू, हृदय, लिव्हर, किडनी अशा भरपूर रक्त मिळणाऱ्या अवयवांकडे. चरबीला किलोमागे रक्तपुरवठा अगदी तुटपुंजा. इंडक्शनच्या वेळी ८० किलो चरबीला या हिशेबात जवळजवळ जागाच नाही. कार्डियाक आउटपुट वाढलेला असतो, पण तो लीन वजनाच्या प्रमाणात. म्हणून इंडक्शन लीनवर: किलोला २ ते २.५ मिग्रॅ, म्हणजे ११५ ते १४५ मिग्रॅ. टोटलवर काढलात तर २८० मिग्रॅ होतात. झोप त्यानेही लागेल, पण मग बीपी वर आणणाऱ्या फिनायलेफ्रिनची सिरिंज हातातून सुटायची नाही. उपचार न झालेला स्लीप अ‍ॅप्निया असेल तर पल्मनरी प्रेशर आणि उजव्या व्हेंट्रिकलची अवस्था आपल्याला ठाऊक नसते, हेही लक्षात असू द्या.

याची दुसरी बाजू तक्त्यात कधीच नसते. लीनवर दिलेला बोलस लवकर उतरतो. आउटपुट जास्त असल्याने औषध मेंदूपर्यंत जितक्या झटकन पोचतं तितक्याच झटकन तिथून निघूनही जातं. मास्क धरायला त्रास, लॅरिंगोस्कोपीला दुसरा प्रयत्न, असं करत चार-पाच मिनिटं गेली की पेशंट पॅरालाइज्ड पण जागा, ही शक्यता खरीखुरी आहे. ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ सालच्या एनएपी-५ ऑडिटमध्ये अपघाती जागृतीच्या केसेसमध्ये लठ्ठ पेशंटचं प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त निघालं होतं. तेव्हा दुसरी प्रोपोफॉलची सिरिंज भरून हाताशी ठेवा, ट्यूब जायला वेळ लागतोय असं वाटलं की ३०-५० मिग्रॅ द्या, आणि ट्यूब गेल्यागेल्या व्हेपोरायझर (भुलीचा वायू देणारा) किंवा पंप सुरू. फिक्सेशन, पोझिशन, रायल्स ट्यूब हे सगळं त्यानंतर.

फेंटानिलही (वेदनाशामक ओपिऑइड) लीनवर. किलोला २ मायक्रोग्रॅमने ११६ येतात, १०० द्या आणि थांबा. गुंगीचं मिडाझोलॅम या पेशंटला नकोच. चरबीत पसरतं, हाफ-लाइफ लांबते आणि रिकव्हरीत घोरणं सुरू झालं की दोष कोणाचा ते कळत नाही.

सेव्हो की डेस (भुलीचे वायू) यावर लोक तासभर वाद घालतात. फॅट-ब्लड पार्टिशन (रक्ताच्या तुलनेत चरबीत किती विरघळतं) सेव्होचं ४८ च्या आसपास, डेसचं २७, हे खरं. पण चरबीचा रक्तपुरवठा इतका कमी की दीड-दोन तासांच्या केसमध्ये तिथे फारसं साठतच नाही. मॅक (भुलीला लागणारं वायूचं प्रमाण) वजनावर बदलत नाही. जे हाताला सवयीचं आहे ते वापरा.

दुसरा_प्रयत्न

वरच्या सगळ्याशी सहमत. मसल रिलॅक्संटचं (स्नायू ढिले करणाऱ्या औषधांचं) मी लिहितो, कारण तिथे नियम उलटा होतो.

सक्सिनिलकोलिन टोटल वजनावर. ऐकायला विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे: प्लाझ्मा कोलिनएस्टरेजची अ‍ॅक्टिव्हिटी आणि पेशीबाहेरचं पाणी, दोन्ही लठ्ठपणात वाढतात. औषध ज्या पाण्यात पसरायचं ते जास्त, आणि वाटेत ते फोडणारं एन्झाइमही जास्त. किलोला १ मिग्रॅ, म्हणजे १४० मिग्रॅ. ५० मिग्रॅ/मिलीच्या व्हायलमधून २.८ मिली. आयडियलवर ५३ मिग्रॅ दिले तर व्होकल कॉर्ड्स अर्धवट उघडतात, जबडा ढिला पडत नाही आणि आपण उगाच एअरवेला "डिफिकल्ट" म्हणत बसतो.

रॉक्युरोनियम पाण्यात विरघळणारं, चार्ज असलेलं मॉलिक्यूल. चरबीत शिरत नाही. आयडियल की लीन, यावर तुमच्या पेशंटपुरता तरी वेळ घालवू नका: किलोला १.२ ने ५३ वर ६४ मिग्रॅ, ५८ वर ७० मिग्रॅ. सिरिंजमध्ये अर्ध्या मिलीचा फरक. उंच आणि वजनदार पुरुषात मात्र दोन्ही आकड्यांत बरंच अंतर पडतं, तिथे झटपट इन्ट्युबेशनसाठी मी लीन धरेन आणि पुढच्या टॉप-अपला आयडियल. टोटलवर काढाल तर १६८ मिग्रॅ होतात. कंडिशन उत्तम मिळेल, पण लॅप कोलीचे टाके पडले तरी पोस्ट-टिटॅनिक काउंट (खोल ब्लॉक मोजायची चाचणी) शून्यच दिसत राहील.

व्हेक्युरोनियम, सिसअ‍ॅट्राक्युरियम आयडियलवर. अ‍ॅट्राक्युरियमही तसंच. ते आपोआप फुटतं म्हणून टोटलवर दिलं तरी चालतं असं काहीजण म्हणतात, पण बोलस मोठा झाला की हिस्टामिन वाढतं, आणि या पेशंटला ब्राँकोस्पाझम अजिबात परवडणार नाही.

सक्स की रॉक? "सक्स दिलं तर नाही जमलं तरी श्वास परत येईल" हा युक्तिवाद इथे सोडून द्या. एफआरसी (श्वास सोडल्यावर फुफ्फुसात उरणारी हवा) इतका कमी की प्री-ऑक्सिजनेशन चांगलं झालं तरी सॅच्युरेशन ९० च्या खाली यायला दोन-तीन मिनिटं पुरतात. सक्सनंतर कामापुरता श्वास परतायला पाच ते दहा मिनिटं. आणि "रॉक देऊ, अडलं तर सुगामाडेक्स १६ मिग्रॅ/किलो" हेही कागदावरच छान. १४० × १६ म्हणजे २२४० मिग्रॅ. २०० मिग्रॅच्या १२ व्हायल फोडून २२.४ मिली भरेपर्यंत कोण थांबणार आहे? त्यामुळे औषधावर भिस्त न ठेवता एक्स्पायर्ड ऑक्सिजन ९० टक्क्यांपर्यंत नेणं, नेझल ऑक्सिजन चालू ठेवणं आणि सुप्राग्लॉटिक (घशात बसणारं एअरवेचं साधन) उघडून ठेवणं यावर ठेवा. हे झालं असेल तर दोन्हीपैकी काहीही चालेल.

भूल_पीजी३

@मिनिट_व्हेंट, @दुसरा_प्रयत्न, आभार. बोलसचं डोक्यात बसलं. मग प्रोपोफॉलचं इन्फ्युजन टोटलवर का म्हणतात? आणि पंपाचं?

ओपन_लूप

इन्फ्युजनमध्ये प्रश्न बदलतो. बोलसला "औषध कुठे पसरतं" हे महत्त्वाचं, तासाभराच्या इन्फ्युजनला "शरीर किती बाहेर टाकतं". प्रोपोफॉलचा क्लिअरन्स वजनासोबत वाढतो, पण सरळ रेषेत नाही. १४० किलोच्या माणसाचा क्लिअरन्स ७० किलोवाल्याच्या दुप्पट नसतो. टोटलवर चालवलं तर हळूहळू जास्त होत जातं, लीनवर चालवलं तर कमी पडतं. अ‍ॅडजस्टेड मधोमध बसतं. वाढलेल्या वजनातला साधारण २० ते ४० टक्के भाग लीन असतो, त्या अंदाजाशी ०.४ चा गुणक जुळतो.

हाताने चालवायचं तर: ८८ किलो × ६ मिग्रॅ/किलो/तास = ५२८ मिग्रॅ/तास, १ टक्का प्रोपोफॉल ५३ मिली/तास. टोटलवर हेच ८४ मिली/तास झालं असतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं थोडं वर ठेवावं लागतं, नंतर ईईजी (मेंदूच्या लहरी) पाहून खाली आणा. रेमिफेंटानिल (ओपिऑइड, थोडक्यात रेमी) लीनवर: ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट, ५० मायक्रोग्रॅम/मिलीच्या डायल्युशनने ७ ते १४ मिली/तास.

आता पंप. श्नायडर वजन नाकारतं तो पंपाचा हट्ट नाही, त्यात चांगला हेतू आहे. श्नायडर मॉडेल क्लिअरन्स ठरवताना लीन बॉडी मास वापरतं आणि तो काढतं जेम्सच्या जुन्या सूत्राने: स्त्रीसाठी १.०७ × वजन − १४८ × (वजन ÷ उंची)². त्यात वर्गाची वजाबाकी आहे. बीएमआय ३६ च्या पुढे स्त्रीचं आणि ४३ च्या पुढे पुरुषाचं वजन वाढवत गेलं की लीन मास कमी कमी होत जातो. तुमच्या पेशंटचे आकडे टाकून बघा, ३४ किलो येतात. १४० किलोच्या बाईचा लीन मास ३४! आणि श्नायडरमध्ये लीन मास कमी झाला की क्लिअरन्सचा आकडा वाढतो. ३४ धरला तर मिनिटाला सुमारे ६ लिटर, ५८ धरला असता तर ४.३. म्हणजे पंपाला वाटतं औषध भराभर बाहेर जातंय, आणि तो रेट चढवत राहतो. म्हणून पंप बनवणाऱ्यांनी मर्यादा घातली.

गंमत म्हणजे रेमिफेंटानिलचं मिंटो मॉडेलही जेम्सच वापरतं, पण तिथे लीन मास कमी झाला की क्लिअरन्सही कमी धरला जातो. एकाच चुकीच्या आकड्याने प्रोपोफॉल जास्त आणि रेमी कमी. दोन्ही पंप शेजारी शेजारी, दोन्हींवर टार्गेट अगदी व्यवस्थित दिसत असतं.

मार्श मुकाट घेतं, कारण त्याला लीन मास वगैरे काही कळतच नाही. व्हॉल्यूम वजनाच्या सरळ प्रमाणात, क्लिअरन्सही सरळ प्रमाणात. १४० टाकलेत तर पंप ७० किलोवाल्याच्या बरोब्बर दुप्पट देईल. पंपाने वजन स्वीकारलं याचा अर्थ मॉडेल त्या वजनाला लागू पडतं असा होत नाही. मार्शच वापरायचं असेल तर वजनाच्या जागी ८८ टाका, इंडक्शनला टार्गेट २ पासून सुरू करून पायरी-पायरीने वर न्या.

तुमच्या पंपात एलेव्हेल्ड मॉडेल असेल तर ते वापरा. २०१८ चं आहे, लहान मुलांपासून लठ्ठ प्रौढांपर्यंतचा डेटा एकत्र करून बांधलेलं. पण त्यात खरं वजन १४० च टाकायचं. सवयीने ८८ टाकलं तर मॉडेल आतल्या आत जी दुरुस्ती करतं तिच्यावर तुमची दुरुस्ती चढते आणि पेशंट हलका राहतो. मार्शवर सवयीचं टार्गेट एलेव्हेल्डवर जसंच्या तसं नेऊ नका, इफेक्ट-साइटचे (मेंदूतल्या अंदाजी पातळीचे) आकडे मॉडेलगणिक वेगळे. कोणतंही मॉडेल असो, या वजनाला टीव्हा (फक्त शिरेतून भूल) करायचा तर ईईजी मॉनिटर हवाच. तो नसेल तर सरळ व्हेपर चालवा, एंड-टायडलचा आकडा तरी प्रत्यक्ष मोजलेला असतो.

टीओएफ_०_९

सुगामाडेक्स राहिलं. लेबल प्रत्यक्ष वजन म्हणतं: टीओएफमध्ये (नर्व्हला चार झटके देऊन स्नायूचं उत्तर बघणं) दोन ट्विच असतील तर २ मिग्रॅ/किलो, पोस्ट-टिटॅनिक काउंट १-२ असेल तर ४. तुमच्याकडे २८० किंवा ५६० मिग्रॅ. व्हायल २०० ची. अ‍ॅडजस्टेडवर काढलं तर १७६ मिग्रॅ, एका व्हायलमध्ये भागतं. कमी डोसचा मोह कुठून येतो ते यावरून कळेल.

पण शास्त्राच्या अंगानेही कमी डोसची बाजू आहे. सुगामाडेक्सचा एक मॉलिक्यूल रॉक्युरोनियमचा एकच मॉलिक्यूल पकडतो. मॉलिक्युलर वजनं २१७८ आणि ६१०, म्हणजे १ मिग्रॅ रॉकसाठी साधारण ३.६ मिग्रॅ सुगामाडेक्स. तुम्ही ६४ मिग्रॅ रॉक दिलं असेल तर त्यातला कण न् कण बांधायलाही २३० मिग्रॅ पुरतात, आणि तासाभरात त्यातलं बरंच निघून गेलेलं असतं. तेच रॉक टोटलवर १६८ मिग्रॅ दिलं असेल तर संपूर्ण हिशेब ६०० मिग्रॅवर जातो. म्हणजे रिव्हर्सलचा डोस सकाळी इंडक्शनला कोणतं वजन धरलं त्यावरही अवलंबून आहे. हे सूत्र म्हणून वापरू नका, अंदाज पडताळायला वापरा.

एक घोटाळा सर्रास होतो. पेपर्समध्ये "आयडियल अधिक ४० टक्के" असं लिहिलेलं दिसतं. त्याचा अर्थ ५३ × १.४ = ७४ किलो. अ‍ॅडजस्टेड म्हणजे आयडियल अधिक *जादा वजनाच्या* ४० टक्के, ८८ किलो. दोन्ही एकच समजून लोक एकमेकांचे आकडे उचलतात. ४ मिग्रॅ/किलोला हा फरक ५६ मिग्रॅचा पडतो.

माझं मत: क्वांटिटेटिव्ह मॉनिटर असेल आणि दोन किंवा जास्त ट्विच दिसत असतील तर अ‍ॅडजस्टेडवर देऊन रेशो (चौथा ट्विच भागिले पहिला) ०.९ ची वाट बघणं ठीक, कमी पडलं तर उरलेलं द्यायचं. मॉनिटर नसेल किंवा ब्लॉक खोल असेल तर लेबलप्रमाणे १४० वरच. कमी डोसने रेशो आधी वर येतो आणि बाकीचं रॉक परिघातून परत रक्तात आलं की पुन्हा घसरतो. हे रिकव्हरीत, आडवं झोपलेल्या, स्लीप अ‍ॅप्नियाच्या पेशंटमध्ये घडलं तर निस्तरणं अवघड. हार्मोनल गर्भनिरोधक घेत असेल तर ७ दिवस दुसरी खबरदारी घ्यायला सांगा, हे डिस्चार्ज कागदावर लिहायचं राहून जातं.

सुगामाडेक्सऐवजी निओस्टिग्मिन असेल तर अ‍ॅडजस्टेडवर ०.०५ ने ४.४ मिग्रॅ, सोबत ग्लायकोपायरोलेट ०.९. कमाल ५ मिग्रॅ, त्यापुढे फायदा नाही. चार ट्विच दिसल्याशिवाय देऊ नका, आणि लठ्ठ पेशंटमध्ये ०.९ गाठायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो हे धरूनच सर्जनच्या शेवटच्या टाक्याआधी हालचाल करा.

मनगटावर चरबी जाड असेल तर अल्नर नर्व्हला करंट पुरत नाही, ट्विच कमी दिसतात आणि ब्लॉक आहे त्यापेक्षा खोल वाटतो. कॅलिब्रेशन पेशंट झोपल्यावर पण रॉक देण्यापूर्वी करा. नंतर केलेल्या कॅलिब्रेशनला अर्थ नाही.

मिनिट_व्हेंट

मॉनिटरवरून आठवलं, बीपीचा कफ. छोटा कफ या दंडावर बसवला की १६०-१७० दाखवतो, मग कोणीतरी फेंटानिल देतं, कोणी प्रोपोफॉल वाढवतं. डोस बरोबर काढूनही ओव्हरडोस होतो तो असा. ब्लॅडरची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के हवी. दंड शंकूसारखा असेल तर कफ पुढच्या हाताला लावा किंवा आर्टेरियल लाइन घ्या.

सेफाझोलिन १२० किलो आणि त्यावर ३ ग्रॅम, चीर देण्याआधीच्या तासाभरात. हे डोस काढण्यातलं सगळ्यात सोपं काम आणि तरीही सवयीने २ च जातात. पॅरासिटामॉल १ ग्रॅम, वजन कितीही असलं तरी त्याहून जास्त नाही.

भूल_पीजी३

ओपिऑइड वाचवण्यासाठी दोन्ही बाजूंना टॅप ब्लॉक (पोटाच्या भिंतीत लोकल भूल) करायचा विचार आहे. ब्युपिवाकेन किलोला २ मिग्रॅ, हे कोणत्या वजनावर?

दुसरा_प्रयत्न

आयडियल. लीन म्हणणारेही आहेत, पण इथे हात आखडताच बरा. ५३ × २ = १०६ मिग्रॅ. ०.२५ टक्क्याचं दोन्ही बाजूंना २०-२० मिली केलं की १०० मिग्रॅ संपले. टोटलवर २८० येतात, तो आकडा विसरून जा. लठ्ठपणाने हृदयाची ब्युपिवाकेन सोसण्याची ताकद वाढत नाही, आणि टॉक्सिसिटी झाल्यावर या पेशंटला सीपीआर देणं किती कठीण ते वेगळं सांगायला नको. जाड पोटावर प्लेन (औषध सोडायचा थर) खोल असतो, सुई तिरकी जाते, टोक दिसत नाही. टोक दिसल्याशिवाय औषध सोडू नका. व्हॉल्यूम कमी वाटत असेल तर ०.२ टक्के करून २५-२५ मिली घ्या, मिग्रॅ तेवढेच राहतात.

आणि सर्जन पोर्टला लोकल मारणार का ते ब्लॉकच्या आधी विचारा. ट्रॉलीवर २० मिली ०.५ टक्के ब्युपिवाकेन भरून ठेवलेलं असतं, ते आणखी १०० मिग्रॅ. ब्लॉक करणार असाल तर ती सिरिंज ट्रॉलीवरून उचलायला सांगा, नाहीतर ब्लॉक सोडून पोर्टवरच भागवा.